डबा भरलेला परत आला की मला कळतं

संपादक साहेब, नमस्कार,

मे-जून लागला की तुमच्या पेपरात रोज तेच येतं, बारावीचा निकाल, कोणत्या फॅकल्टीत किती टक्क्यांना ॲडमिशन बंद झालं, फी किती वाढली, आणि आता ते गुजरातच्या कॉलेज ॲडमिशनचं जीकास पोर्टल सुरू झाल्यापासून त्याच्या तारखा. ते सगळं यायलाच पाहिजे, मी नाही म्हणत नाही. पण ॲडमिशन झाल्यावर त्या पोराचं ऑगस्टमध्ये काय होतं हे मी कधीच कुठं वाचलं नाही, म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी बडोद्यात फतेहगंजला राहते. महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी घरापासून चालत दहा मिनिटं. गेली बावीस वर्षं मुलांना डबे देते आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं देते, एक साल मुली तर एक साल मुलं, जसं जमेल तसं. म्हणजे मी काही प्रोफेसर नाही की काऊन्सेलर नाही, मला कुणी काकी म्हणतं कुणी मावशी, गुजराती मुलं मासी म्हणतात. पण जे हॉस्टेलच्या वॉर्डनला दिसत नाही आणि आईवडलांना तर अजिबातच दिसत नाही ते मला दिसतं, कारण माझ्याकडे रोज संध्याकाळी डबे परत येतात.

डबा खोटं बोलत नाही बघा. परीक्षा असेल तर भात उरतो, पोळ्या संपतात, कारण पोळी पुस्तक हातात धरून खाता येते. घरची आठवण आली असेल तर भाजीला हात लागलेला नसतो आणि लोणचं संपलेलं असतं. प्रेमात पडलं की दोन डबे एकदमच येतात, एकातली भाजी दुसऱ्यात गेलेली, चमचे अदलाबदल झालेले, आणि मग मला घरी बसून कळतं की कुणाचं कुणाशी जमलं, त्यांच्या मित्रांच्या आधी कळतं. आणि मोडलं की डबा भरलेला परत येतो. एक दिवस आला तर मी काही बोलत नाही, मुलं बाहेर सेव उसळ खाऊन येतात, मला माहिती आहे. दोन दिवस आला तर विचारते. तिसऱ्या दिवशी मी जिना चढते.

नंदुरबारकडचा एक मुलगा होता, कॉमर्सचा एफवाय. नाव सांगणार नाही, आता तो नोकरीला आहे, चांगला आहे. जुलैत आला तेव्हा इतका बुजरा की डबा घ्यायला दारात उभा राहून बेल वाजवायचा नाही, खोकायचा. मराठी मीडियमचा आणि इथे शिकवणं सगळं इंग्रजीतून, वर्गात ढीगभर मुलं, आजूबाजूला सगळे गुजरातीत बोलणार, याला ना ते धड येत ना हे. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलीशी ओळख झाली, ती इथलीच, बडोद्याची, ॲक्टिवावाली, तिनं त्याला गुजराती शिकवलं, झेरॉक्सची दुकानं दाखवली, मांडवी दाखवली, कमाटीबागेत त्या मोठ्या घड्याळापाशी फिरवलं, आणि खरं सांगते त्या पोराच्या चेहऱ्यावर रंग आला. मला बरंच वाटलं. गोष्ट इथेच थांबली असती तर मी पत्र लिहिलं नसतं. झालं काय की त्याची सगळी ओळखपाळख तिच्यामार्फत. मित्र तिचे, ग्रुप तिचा, नोट्स तिच्या, रविवारी जायचं ते तिच्या मैत्रिणीकडे. डिसेंबरात तिनं सांगितलं की मला आता हे पुढे नाही न्यायचं, तिचाही तो हक्क आहे, तिनं काही वाईट केलं नाही, सरळ सांगितलं. पण एका संध्याकाळीत त्याचं बडोदंच संपलं. तिच्या ग्रुपमध्ये बसता येईना आणि दुसरा ग्रुपच नाही. तीन दिवस डबा भरलेला. मी वर गेले तर अंधारात बसलेला, म्हणतो, काकी, भूख नथी. तेही तिनंच शिकवलेल्या गुजरातीत.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तर मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की प्रेम करू नका असं मी सांगत नाही, सांगून कोण ऐकतं, आणि मी सांगायचं काही कारणही नाही, पुढे कळेल. पण पहिल्या वर्षात अख्खा दिवस एकाच माणसाच्या हातात देऊ नका. सकाळचा चहा त्याच्याबरोबर, लेक्चर त्याच्या शेजारी, दुपारचा डबा त्याच्याबरोबर, लायब्ररी त्याच्याबरोबर, रात्री फोन त्याचाच. एक तरी वेळ दुसऱ्या कुणाची असू द्या. मी माझ्या मुलांना डब्यावरूनच सांगते, आठवड्यातून तीन दिवस डबा वर्गातल्या मुलांबरोबर उघडायचा, जोडीदाराबरोबर नाही. हसतात माझ्यावर. काही जण ऐकतात. आणि हे फक्त प्रेमाचं नाही हो, जिवलग मैत्रिणीचंही तेच, गावाकडून दोघी एकत्र आल्या, एकच रूम, एकच बेंच, तिसरीला आत येऊच द्यायचं नाही, आणि मग दिवाळीत दोघींचं गीझरच्या बिलावरून भांडण झालं की दोघी एकट्या. मी बघितलंय, गीझरच्या बिलावरून.

नवरात्रीचं सांगायलाच हवं कारण बडोद्यात राहून ते टाळता येत नाही. बाहेरून आलेल्या मुलांना आधी कळतच नाही की हे काय असतं. नऊ रात्री अख्खं शहर रस्त्यावर, हजारो माणसं एका मैदानात एका तालात, चणियाचोळी, केडियुं, पास मिळवायची धडपड, रात्री उशिरा परत येताना रस्त्यावर खाणं. वातावरणच असं असतं की कुणालाही कुणीही आवडेल, मलाही या वयात आवडतं. आमच्या डब्याच्या मुलांत दर वर्षी नवरात्रीत तीनचार जोड्या जमतात आणि त्यातल्या निम्म्या दिवाळीची सुट्टी संपवून परत येईपर्यंत सुटलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण त्या नऊ रात्रींत दिलेल्या शपथा फार गंभीरपणे घेऊ नका, आणि परत यायचं कसं हे निघायच्या आधी ठरवा. ज्याच्याबरोबर गेलात त्याच्याशीच भांडण झालं तर रिक्षानं येता येईल एवढे पैसे स्वतःच्या खिशात, फोन चार्ज, आणि घरमालकिणीला सांगून जा. मी उघडते दार. कुरकुर करते पण उघडते.

आता जरा कडू गोष्ट. तीनचार वर्षांपूर्वी वरच्या खोलीत एक मुलगी होती, हुशार, सायन्सची. तिचा मित्र दुसऱ्या गावात शिकत होता. त्याला तिचं लाईव्ह लोकेशन चोवीस तास चालू पाहिजे. बॅटरी संपून बंद झालं तर वीस मिस्ड कॉल. आधी आम्हाला सगळ्यांना ते गोड वाटायचं, किती काळजी करतो. मग जेवताना व्हिडिओ कॉल, टेबलावर कोण आहे दाखव. फोन फिरवून दाखवायची बिचारी. एक दिवस मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, बघ बाबा, ही मी, ही कढी, ही खिचडी, आणि हा मांजर, हा एकच पुरुष आहे या घरात आत्ता, आमचे हे पण बाहेर गेलेत. ती हसली आणि मग इतकी रडली. तिला वाटत होतं की हेच प्रेम असतं, कारण तिनं दुसरं बघितलंच नव्हतं. मुलींनो आणि मुलांनो, कारण उलटंही बघितलंय, मुलगी मुलाचा फोन तपासते असंही बघितलंय, तर ज्याला तुमचा पासवर्ड लागतो त्याला तुम्ही नकोय, तुमच्यावर पहारा हवाय. आणि सोडायचं म्हटलं की मरून जाईन म्हणणारा भेटला तर एकट्यानं ते ओझं घेऊन फिरू नका, त्याच्या घरच्यांना कळवा, मोठ्या कुणालातरी सांगा. कुणाचा जीव राखायचं काम अठरा वर्षांच्या मुलीचं नाही.

अठरावरून आठवलं. एफवायला येणारी बरीच मुलं सतराचीच असतात, वाढदिवस पुढं असतो. हे त्यांच्या लक्षात नसतं आणि आईबापांच्याही नसतं. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे त्यात शरीरसंबंधाला अठराच्या आतल्या मुलामुलीची संमती धरतच नाहीत. म्हणजे दोघांच्या आवडीनं झालं तरी पोलिसांत गेलं की केस होते, आणि ती केस मुलाचं आयुष्य कुठल्या कुठं नेते. मी हे स्वयंपाकघरात उभं राहून मुलांना सांगते, लाजतात, कान लाल होतात, पण मी सांगते कारण त्यांच्या घरी कुणी सांगितलेलं नसतं. फोटोंचंही तेच. कपड्याशिवायचे फोटो पाठवायचे नाहीत, मागायचे नाहीत, आणि कुणी विश्वासानं पाठवला तर पुढे ढकलायचा नाही. आयटी कायद्याच्या कलम ६६ ई मध्ये कुणाच्या मर्जीविरुद्ध असा खासगी फोटो काढला किंवा पसरवला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि फोटो अठराच्या आतल्या कुणाचा असेल तर त्याहून कडक कलम लागतं. मित्रांच्या ग्रुपवर मजेत टाकला हे उत्तर पोलीस ऐकत नाहीत.

आईवडलांनाही दोन शब्द, कारण पेपर तेच वाचतात, मुलं कुठं वाचतात. तुम्ही रोज रात्री फोन करता आणि विचारता जेवलास का, अभ्यास झाला का. तो हो म्हणतो. माझ्या समोर बसून हो म्हणतो आणि पुढ्यात ताट भरलेलं असतं. त्यापेक्षा विचारा आज कुणाबरोबर जेवलास. रोज एकच नाव आलं तर रागवू नका, फक्त दुसऱ्या मुलांचं विचारा. आणि काही नावच नाही आलं, तर पुढच्या शनिवारी गाडीत बसा आणि या. मी जेवायला घालीन.

आणि ते जातीचं. मुलीनं सांगितलं की मला अमुक आवडतो की पहिला प्रश्न आडनावाचा. मी काय सांगणार, मी पण याच समाजातली. पण बडोद्यात बसून हा प्रश्न विचारताना जरा इतिहास आठवावा. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला ज्यांचं नाव आहे त्या हंसाबेन मेहता, दिवाण मनुभाई मेहतांची मुलगी, नागर ब्राह्मण, आणि त्यांनी लग्न केलं डॉक्टर जीवराज मेहतांशी, जे वैश्य होते. त्या काळात. नागरांत केवढा गदारोळ झाला असेल विचार करा. पुढे १९४९ साली ही युनिव्हर्सिटी झाली तेव्हा त्या व्हाईस चॅन्सेलर झाल्या, मुलंमुली एकत्र शिकतात अशा युनिव्हर्सिटीच्या देशातल्या पहिल्या बाई व्हाईस चॅन्सेलर. आणि त्याच्या आदल्या वर्षी युनोच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पुरुष असा शब्द होता तो बदलून माणसं असा त्यांनी करून घेतला. जीवराजभाई १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. मुलं त्या लायब्ररीत एसीसाठी जाऊन बसतात आणि बहुतेकांना माहीत नसतं की नाव कुणाचं आहे.

२०२४ च्या ऑगस्टचा पूर तुम्ही छापलाच होता. विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत कमरेपर्यंत, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि पाण्यात मगर दिसली म्हणून मुलं गच्चीवरून खाली यायला तयार नाहीत. तेव्हा वर पाच मुलं होती. शेजारच्या पीजीत एक मुलगा एकटा खालच्या खोलीत होता, त्याची मैत्रीण शहरातल्याच अकोट्याला अडकलेली, फोन लागत नाही, हा वेडापिसा, पाण्यातून चालत जातो म्हणत होता. आमच्या पाच जणांनी त्याला ओढून वर आणला. ओळख फारशी नव्हती हं, एकदा क्रिकेट खेळले होते कंपाऊंडमध्ये तेवढीच. तीन दिवस सगळ्यांनी गॅसवर खिचडी खाल्ली, शेवटी शेवटी डाळ संपली तर नुसता भात आणि शेंगदाण्याची चटणी. ती मैत्रीण सुखरूप होती, तिच्या रूममेटांबरोबर गच्चीवर. ते दोघं अजून एकत्र आहेत आणि तो मुलगा आता आमच्या पाचांच्या ग्रुपमधला सहावा, ट्रीपला जातात सगळे, ती पण जाते.

मघाशी म्हटलं ना पुढे कळेल. माझं स्वतःचं लग्न युनिव्हर्सिटीतच जमलं. मी होमसायन्सला, आमचे हे आर्ट्सला, त्या मोठ्या घुमटाच्या बिल्डिंगमध्ये. आम्ही चौघं होतो, दोन मुलं दोन मुली, एका प्लेटमध्ये चार चमचे, पैसे नसायचेच. दोन वर्षं हे त्या चौघांतले एक होते, बास. तिसऱ्या वर्षी बोलले, तेही दांडिया बाजारपासून घरापर्यंत सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले आणि फाटकाशी आल्यावर म्हणाले की उद्या बोलतो. दुसऱ्या दिवशी बोलले. मी आठ दिवस घेतले उत्तर द्यायला, त्यात यांचं वजन कमी झालं असं सासूबाई सांगायच्या. मधे एकदा आमचं चांगलंच बिनसलं होतं, तीन महिने बोलत नव्हतो, तेव्हा मी काही अंधारात बसले नाही, कारण दुसरी दोघं होती, एक माझ्याकडे यायची, एक यांच्याकडे जायचा. ती मैत्रीण अजून दर सोमवारी येते. मित्र चार वर्षांपूर्वी गेला.

मी काही मोठी शहाणी नाही, सगळ्यांचं असंच होईल असं पण नाही. काही मुलांना एकटंच आवडतं, ते मजेत असतात, त्यांचा डबा चाटूनपुसून रिकामा येतो, त्यांना उगीच ग्रुपमध्ये ढकलू नये. एक मुलगा होता, तीन वर्षं एकटा जेवला, पुस्तक टेकवून, जाताना मला पातेलं भेट देऊन गेला.

आता तुमच्याकडे मागणं. ॲडमिशनच्या बातम्यांच्या शेजारी एक चौकट टाका, रोज नाही, जून जुलैत आठवड्यातून एकदा. त्यात टेलिमानसचा नंबर, १४४१६, मन फार जड झालं तर फुकट बोलता येतं, रात्रीसुद्धा, आपल्या भाषेत. रॅगिंगसाठी यूजीसीचा १८००-१८०-५५२२. रॅगिंग करणार नाही असं लिहून प्रत्येक मुलानं आणि पालकांनी सही केलेली असते, २००९ पासूनचा नियम आहे, पण सही करताना कुणी वाचत नाही, आणि सीनिअरनं रात्री दोनला खोलीत बोलावलं की तेही रॅगिंगच हे कळत नाही. पैशाची ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३०, लगेच, त्याच तासाला, कारण हल्ली गोड बोलून ऑनलाईन मैत्री करून फी भरायचे पैसे उकळणारे पण आहेत, दोन मुलांचं झालंय माझ्या समोर. बायकामुलींसाठी १८१. आणि सगळ्यात महत्त्वाचं, की प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, कुणी त्रास दिला, सीनिअर असो की शिकवणारा असो, तर तीन महिन्यांच्या आत तिथं लेखी तक्रार करायची असते. तीन महिने हा आकडा मुलींना माहीतच नसतो. आधी सहा महिने रडण्यात जातात, मग मैत्रीण म्हणते तक्रार कर, तेव्हा मुदत गेलेली. कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते, हे पण त्या चौकटीत लिहा.

आणि हो, जरा मोठ्या अक्षरात छापा. तुमचा पेपर आमच्याकडे दुपारी बारापर्यंत वाचून होतो आणि मग मी त्याचे तुकडे डब्याच्या पिशवीत तळाला घालते, वरण सांडलं तर म्हणून. मुलं डबा उघडताना तेवढंच वाचतात.

तुमची जुनी वाचक,
डबेवाल्या काकी,
फतेहगंज, बडोदा